आईच्या फोनची वही: अनोळखी कॉलच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

काल दुपारी आई तासभर आडवी झाली होती. तेवढ्या वेळात ती चार वेळा उठली, चारही वेळा फोनसाठी. पर्सनल लोन, जमिनीचे प्लॉट, पुन्हा लोन, आणि चौथ्याला उचलल्यावर पलीकडून कुणी बोललंच नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून दोन महिने झालेले नाहीत. पलंगावरून उठायचं म्हणजे आधी वॉकर ओढायचा, मग पाय खाली सोडायचे. "सायलेंट करून ठेव ना," म्हटलं, तर म्हणाली, "अगं, कुणाचं काही महत्त्वाचं असलं तर?"

तेव्हा आजपासून वही. फोन चार: आईचा, माझा, शेजारच्या काकूंचा आणि वरच्या मजल्यावरच्या काकांचा. रकाने असे: वेळ, नंबर, कोण म्हणून सांगितलं, काय हवं होतं, पुढे काय केलं. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, एकही नंबर ब्लॉक करायचा नाही, फक्त लिहायचं. ओटीपी, कार्डाचा नंबर, आधार कुणालाही द्यायचं नाही, ही अट चौघांनी मान्य केली आहे.

५ जून

आईची वही बघितली. रकान्यांत तिचा जीव रमत नाही, ती गोष्ट लिहिते. "बाई गोड बोलत होती. माझं नाव माहीत होतं. वय विचारलं तेव्हा ठेवला." "मुलगा नवीन असावा, कागद वाचत होता." नंबर मात्र एकेक आकडा सुटा करून, शाळेत फळ्यावर लिहायची तसा ठळक. मी तिला रकाने पाळायला सांगणार होते. नाही सांगितलं.

९ जून, सोमवार

आठवडा झाला. आईच्या फोनवर एकूण ४३ कॉल, त्यातले १९ सेव्ह नसलेल्या नंबरांचे. मी एकोणीसही वेगवेगळे करून पाहिले.

१४० ने सुरू होणारे फक्त तीन. आपल्याकडे जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची मालिका राखून ठेवलेली आहे, आणि व्यवहाराच्या किंवा सेवेच्या कॉलसाठी १६०० ची. खात्याचे, कार्डाचे कॉल १६०० वरूनच करा आणि जाहिरातीचे १४० वरून, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना बजावलं आहे. नियमाने वागणारे यातून ओळखू येतात. पण आईच्या वहीतले लोन, विमा, प्लॉटवाले बहुतेक सगळे साध्या दहा आकडी मोबाइल नंबरांवरून आलेत. कुरिअरवाला, लॅबमधली मुलगी, गॅसवाला यांचेही नंबर दिसायला तसेच असतात. नुसता नंबर बघून निवड करता येईल हा माझा समज पहिल्याच आठवड्यात मोडला.

मुके कॉल चार. आई घाबरून होती की कुणीतरी घरावर पाळत ठेवतंय. तिला समजावलं ते इथेही लिहून ठेवते. कॉल सेंटरमध्ये नंबर माणूस फिरवत नाही, मशीन फिरवतं, आणि बोलायला जेवढी माणसं बसलेली असतात त्यापेक्षा जास्त नंबर एका वेळी फिरवतं, कारण सगळेच काही उचलत नाहीत. जास्त लोकांनी उचलला की काहींच्या वाट्याला माणूसच येत नाही. आपण "हॅलो, हॅलो" करतो, दोन-तीन सेकंदांनी बारीकसा टक आवाज येतो, आणि मग कुणीतरी घाईने "नमस्कार मॅडम" म्हणतं किंवा फोन बंद होतो. कधी नंबर चालू आहे का एवढंच बघायलाही असे कॉल करतात. घराचा, दाराचा त्याच्याशी संबंध नाही. हे ऐकल्यावर आईचा चेहरा मोकळा झाला. काकूंनाही सांगितलं.

१० जून

आईच्या नंबरावर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल नकोत अशी मोबाइल कंपनीकडची नोंद, आहे का ते कंपनीच्या ॲपमध्ये पाहिलं. अर्धवट होतं. बाबांनी कधीतरी केलं असणार, बँकिंग-विमा एवढा एकच वर्ग बंद केलेला. १९०९ या डीएनडीच्या नंबरावरून सगळेच वर्ग बंद केले. काकांच्या नंबरावर काहीच नव्हतं, तेही केलं.

यात एक पळवाट आहे. आपण कुठे संमती दिली असेल तर डीएनडी असूनही त्या कंपनीचा कॉल येऊ शकतो. आईला विचारलं, नंबर कुठे कुठे लिहून दिलास? आधी कुठेच नाही म्हणाली. मग हळूहळू आठवू लागलं: प्रदर्शनातलं लकी ड्रॉचं कूपन, साडीच्या दुकानातलं बिल, मंदिराबाहेरची आरोग्य तपासणी. कूपनाच्या मागे बारीक अक्षरात काय छापलं होतं ते कोण वाचतं. इथून पुढे बिलाच्या काउंटरवर नंबर विचारला तर "नको" म्हणायचं ठरलं.

१३ जून

आईच्या फोनच्या सेटिंगमधलं डू नॉट डिस्टर्ब लावलं (कंपनीकडचं डीएनडी वेगळं), फक्त सेव्ह केलेल्या लोकांचे कॉल वाजतील असं. दुपारी ती सलग दोन तास झोपली. किती दिवसांनी.

१७ जून, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी लॅबवाला रक्त घेऊन गेला होता. दुपारी पावणेबारा ते सव्वाबारा यांदरम्यान लॅबमधून आईला तीनदा फोन आला. सोडियम बरंच कमी आलं होतं आणि त्यांना ते लगेच कळवायचं होतं. नंबर सेव्ह नव्हता, त्यामुळे तिन्ही वेळा फोन वाजला नाही. आई दुपारी "डोकं जड झालंय" म्हणत होती, मला वाटलं उन्हाने. संध्याकाळी साडेपाचला डॉक्टरांच्या दवाखान्यातून माझ्या नंबरावर फोन आला. गोळी बदलली, रात्री पुन्हा तपासणी केली. आई आता बरी आहे, शेजारी झोपली आहे.

ते सहा तास माझ्या सेटिंगमुळे गेले. नको असलेले कॉल बंद करायला निघाले होते आणि मी अनोळखी कॉल बंद करून बसले. या दोन गोष्टी मी एकच धरल्या होत्या. आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, कुणाचं काही महत्त्वाचं असलं तर. ती त्या भीतीने चार वेळा उठत होती, आणि तिची भीती खरी होती.

१८ जून

रात्रभर विचार करून आज चारही फोन पुन्हा लावले.

डू नॉट डिस्टर्बमध्ये "पुन्हा कॉल करणारे" अशी एक सोय असते. अँड्रॉइडवर ती चालू केली की त्याच नंबरावरून १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा कॉल आला तर फोन वाजतो. आईच्या फोनवर ती बंद होती, नाहीतर काल लॅबचा दुसरा कॉल बहुधा वाजला असता. चालू केली. पण लॅबवाले दुसऱ्या लाइनवरून करतील तर तीही उपयोगाची नाही, म्हणून आता डू नॉट डिस्टर्ब फक्त दुपारी एक ते तीन. बाकी वेळ फोन वाजू दे.

लॅब, दवाखाना, फिजिओथेरपिस्ट, औषधाचं दुकान, गॅस, बँकेची शाखा, सोसायटीचा वॉचमन, सगळे नंबर सेव्ह केले. नावाआधी "आपलं" हा शब्द लावला: "आपलं लॅब", "आपली बँक". आईचीच कल्पना. लॅबच्या फॉर्मवर दुसरा नंबर म्हणून माझा घातला. आपत्कालीन निरोप दोन जागी जायला हवा हे आधीच सुचायला हवं होतं.

कॉलर ओळखणारं ॲप काकांच्या फोनवर आहे. उपयोग होतो, विशेषतः पुष्कळ लोकांनी एखादा नंबर स्पॅम म्हणून नोंदवला असेल तेव्हा. पण त्यावर दिसणारं नाव म्हणजे ओळखपत्र नव्हे. परवा एका कॉलला बँकेचं नाव दिसत होतं आणि बोलणारा भलताच होता.

२२ जून, रविवार

आमच्या टेबलाभोवती चारही वह्या उघडून बसलो. काकूंनी चष्मा आणला नव्हता म्हणून आई सगळ्यांच्या वह्या मोठ्याने वाचत होती.

वाचताना लक्षात आलं की आईने गेल्या दहा दिवसांत स्वतःहून एक रकाना वाढवलाय. समासात पेन्सिलीने लहानसं "घा" लिहिलेलं. विचारलं, तर म्हणाली, "घाई. जो घाई करतो त्याच्यापुढे घा." मोजले. केवायसी आजच संपणार म्हणणारा, वीज रात्री साडेनऊला तोडणार म्हणणारा, पार्सल अडकलंय म्हणणारा, सगळ्यांपुढे घा. लोन विकणाऱ्या मुलींपुढे नाही. त्या त्रास देतात, पण फसवत असतीलच असं नाही. माझ्या पाच रकान्यांत हे कुठेच दिसत नव्हतं.

मग काकूंनी विचारलं, "पण मग लॅबवालीनेही घाईच केली असती की." बरोबर होतं. ती बोलली असती तर म्हणाली असती, लगेच डॉक्टरांना फोन करा. थोडा वेळ सगळे गप्प. आईच बोलली, "हो, पण ती म्हणाली असती तुमच्या डॉक्टरांना करा. हे लोक कुणालाच करू देत नाहीत."

पुन्हा सगळ्या नोंदी वाचल्या. खरंच. "लाइनवर राहा." "फोन ठेवला तर केस पुढे जाईल." "घरात कुणाला सांगू नका." फसवणारा आपल्याला फोनला बांधून ठेवतो. काम असलेला माणूस आपल्याला आपल्या ओळखीच्या जागेकडे पाठवतो, मग त्याला कितीही घाई असो. आजपासून सहावा रकाना सगळ्या वह्यांत: "फोन ठेवू दिला का?"

२६ जून

सकाळी काकांच्या घरून काकी धावत खाली आल्या. "हे कुणाशी तरी बोलतायत, दार लावून घेतलंय."

आधी रेकॉर्ड केलेला आवाज आला होता: तुमचा मोबाइल नंबर दोन तासांत बंद होईल, अधिक माहितीसाठी ९ दाबा. काकांनी ९ दाबला. एका माणसाने आपण ट्रायमधून, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेतून, बोलतोय असं सांगितलं. तुमच्या आधारावर दुसरं सिम निघालंय, त्यावरून गुन्हा झालाय, मी तुम्हाला पोलिसांना जोडून देतो. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. खाकी शर्ट, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, दार बंद करा, बायकोला सांगायचं नाही. मी आत गेले तेव्हा काका खुर्चीत ताठ बसलेले, शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, साहेबासमोर बसावं तसा बसला होता. मी फोन हातातून घेऊन बंद केला. त्यांचा हात थरथरत होता. पहिलं वाक्य बोलले ते, "अगं, त्यांना राग येईल."

पैसे गेले नाहीत. खात्यांची यादी सांगून झाली होती, पण मुदत ठेव मोडायला बँकेत जायचं बाकी होतं.

वहीसाठी महत्त्वाचं: "डिजिटल अरेस्ट" असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. ट्राय कुणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही, लोकांच्या सिमचा कारभार ती सांभाळतच नाही, तो मोबाइल कंपनीकडे असतो. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरच्या "मन की बात"मध्ये याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं. काकांनी ते ऐकलंही होतं. म्हणाले, "तेव्हा वाटलं, हे दुसऱ्यांना होतं."

दुपारी दोघांनी बसून संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवरच्या "चक्षू"मध्ये नोंद केली. फसवणुकीचा संशय असलेला कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप, गेल्या ३० दिवसांतला, तिथे कळवता येतो. पैसे गेले असते तर चक्षू उपयोगाचं नाही, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लागला असता. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत रोखता येतात ते तेवढ्याच अवधीत. संचार साथीवरच आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत तेही दिसतं. काकांच्या नावावर दोनच निघाले, दोन्ही त्यांचेच. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर ते चहा प्यायले.

३० जून

तक्रारींचं काम. चौघेही आतापर्यंत ब्लॉक करत होतो आणि तेवढ्यावर थांबत होतो. ब्लॉकने माझा फोन शांत होतो, तो माणूस पुढचा नंबर फिरवतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम बदलले. नको असलेल्या जाहिरात-कॉलची तक्रार आता सात दिवसांच्या आत करता येते, पूर्वी तीनच दिवस मिळायचे. जाहिरातीसाठी नोंदणी नसलेल्या नंबरावर मोबाइल कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची, पूर्वी मुदत तीस दिवसांची होती. आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाईला पुरेशा, पूर्वी सात दिवसांत दहा लागायच्या. तक्रारीसाठी डीएनडी असायलाच हवं हेही राहिलेलं नाही.

हे वाचून वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. लोनचा एक दहा आकडी नंबर चारही वह्यांत सापडला, सहा दिवसांतला. चौघांनी १९०९ ला तक्रार केली. पाचवी वॉचमनने केली, त्यालाही तोच कॉल आला होता. आमच्या एका जिन्यात पाच झाल्या.

एक तक्रार परत आली, तपशील अपुरा म्हणून. काकूंनी नुसतं "त्रास देतात" लिहिलं होतं. तारीख, नंबर आणि कॉल कशाबद्दल होता हे एका वाक्यात हवं. आईची सविस्तर लिहायची सवय इथे कामी आली. काकूंची तक्रार तिनेच पुन्हा लिहून दिली.

४ जुलै

काकूंना "कुरिअरवाल्या"चा फोन. पत्ता सापडत नाही, हा कोड डायल करा म्हणजे डिलिव्हरी बॉयशी जोडलं जाईल. कोडाची सुरुवात *२१* ने होती. काकूंनी डायल न करता वहीत लिहून घेतला. त्या कोडाने आपले सगळे कॉल दुसऱ्या नंबराकडे वळतात, मग बँकेचा पडताळणीचा कॉलही त्याच्याकडे जातो. तपासायचं असेल तर *#२१#, सगळं वळवणं रद्द करायला ##००२#. काही कंपन्यांचे कोड वेगळे आहेत, तेव्हा फोनच्या कॉल सेटिंगमध्येही बघावं. चारही फोन तपासले, स्वच्छ आहेत.

९ जुलै

रात्री दोनला माझ्या फोनवर एकच रिंग. पुढे +, पण ९१ नाही. परत करायचा नाही. जपानी भाषेत या प्रकाराला "वांगिरी" म्हणतात, एक रिंग देऊन तोडणं. आपण परत केला की आंतरराष्ट्रीय कॉलचा महागडा दर लागतो आणि त्यातला वाटा त्यांना मिळतो. +९१ दिसलं म्हणजे कॉल भारतातलाच, असंही नाही. बाहेरून येणारा कॉल भारतीय नंबर दाखवू शकतो. असे कॉल अडवणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली.

१४ जुलै, सोमवार

सराव. ऑफिसच्या फोनवरून आईला कॉल केला, बँकेची अधिकारी होऊन. मी आहे हे तिला ठाऊक होतं. तरी ती चार मिनिटं ऐकत राहिली. ओटीपी दिला नाही, पण फोनही ठेवला नाही.

घरी आल्यावर म्हणाली, "अगं, समोरचं माणूस बोलतंय आणि आपण ठेवून द्यायचा? बरं वाटत नाही." मला आता कळलं की आईला धोका कळत नाही असं नाहीच. तोंडावर फोन आपटणं तिला जमत नाही. आयुष्यभर कुणाचं बोलणं मध्येच तोडलेलं नाही तिने. तिला "कट कर, कट कर" सांगून उपयोग नव्हता, तिला सभ्यपणे उठून जाता येईल असं वाक्य हवं होतं.

दोघींनी बसून शोधलं. दोन-तीन खोडली. शेवटी ठरलं: "बरं, मी आपल्या नंबरावर फोन करून विचारते. ठेवते हं." आपला नंबर म्हणजे पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा, समोरच्याने दिलेला नाही. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर तिने ते मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फोनच्या चार्जरपाशी टेकवून ठेवलं. "ठेवते हं" खाली दोन रेघा ओढल्या. मी पुन्हा फोन केला. दुसऱ्या वेळी अर्ध्या मिनिटात ठेवला. तिसऱ्या वेळी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत.

काकांनीही तोच पुठ्ठा मागून नेला. त्यांनी "हं" काढून टाकलं.

२० जुलै, रविवार

आईच्या फोनवर या आठवड्यात सेव्ह नसलेले सात कॉल. दोन कामाचे होते, दोन्ही तिने उचलले. लोनचा तो नंबर आता लागत नाही. तेच लोक दुसऱ्या नंबरावरून येतीलच. शेजारच्या जिन्यातल्या दोघींनी वह्या मागितल्या आहेत, त्यांना सहाही रकाने आखून देते आहे.

हे लिहीत असताना आईचा फोन वाजला. तिने चष्मा लावला, नंबर पाहिला, उचलला. थोडं ऐकलं. "हो का... बरं, मी आपल्या नंबरावर फोन करून विचारते." पलीकडून काहीतरी मोठ्याने बोलणं चालू होतं. "ठेवते हं." ठेवला. वही ओढून घेतली, नंबर एकेक आकडा सुटा करून लिहिला, शेवटच्या रकान्यात "नाही" लिहिलं, आणि मला विचारलं, "आज तारीख वीस ना गं?"